कोळंबीची डोकी, राणी माशाचे काटे आणि त्यांतले अँटिऑक्सिडंट: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर सकाळी लिलाव संपला की दोन प्रकारचा माल गाडीत चढतो. एक बर्फातला, विकायचा. दुसरा पिंपात कोंबलेला: कोळंबीची डोकी, सालं, माशांची मुंडकी, काटे. हा दुसरा माल कुटीच्या, म्हणजे मासळीची भुकटी करणाऱ्या, कारखान्यात जातो, खड्ड्यात जातो किंवा पुन्हा समुद्रात. त्यात काय काय आहे हे मी मत्स्यविज्ञान शिकताना वाचलं होतं. ते हातात यायला मात्र पुढची दोन वर्षं गेली आणि त्यातला बराच काळ अशा चुकांत गेला, ज्या कुणी आधी सांगितल्या असत्या तर टळल्या असत्या. म्हणून हा लेख. विद्यार्थी, कोळंबी सोलण्याची शेड चालवणारे, बचत गटातून काही नवं करू पाहणारे, अशांसाठी तो आहे.

अँटिऑक्सिडंट म्हणजे काय, हे मासे खाणाऱ्याला समजवायला फार लागत नाही. सुका बांगडा पावसाळ्यात पिवळा पडून खवट होतो ना? त्यातल्या चरबीने हवेतला ऑक्सिजन घेतला म्हणून. ही साखळी मध्येच तोडणारा पदार्थ तो अँटिऑक्सिडंट. कारखाने बीएचए, बीएचटी, इथॉक्सिक्विन असे कृत्रिम पदार्थ वापरत आले आहेत. त्यांतल्या इथॉक्सिक्विनची पशुखाद्यातली परवानगी युरोपीय संघाने २०१७ साली स्थगित केली आणि तेव्हापासून नैसर्गिक पर्यायांची विचारणा वाढली. माशाच्या टाकाऊ भागात असे पर्याय आहेत, पण ते फार नाजूक असतात. नीट सांभाळले नाहीत तर ज्या खवटपणाला त्यांनी रोखायचं, तोच त्यांना खाऊन टाकतो.

१. आधी ठरवा: कशातून काय काढणार

नवख्याला पेलतील असे दोन रस्ते आहेत.

पहिला: कोळंबीच्या डोक्या-सालांतून ॲस्टाझँथिन हे केशरी-लाल रंगद्रव्य खाद्यतेलात उतरवणं. कच्ची कोळंबी करडी-हिरवट असते आणि शिजली की लाल होते, ते याच्यामुळे. कच्च्या कवचात हे रंगद्रव्य प्रथिनाला बांधलेलं असतं. उष्णतेने प्रथिन सुटतं आणि खरा रंग दिसू लागतो.

दुसरा: माशाच्या सांगाड्यावर उरलेल्या मांसातली प्रथिनं एन्झाइमने कापून त्यांचे छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, पाण्यात मिळवणं. याला प्रोटीन हायड्रोलायसेट म्हणतात. यातले लहान पेप्टाइड ऑक्सिडेशनची साखळी तोडतात, शिवाय लोह-तांब्याचे कण धरून ठेवतात.

दोन्ही एकदम सुरू करू नका. घराजवळ कोळंबी सोलण्याची शेड असेल तर पहिला रस्ता धरा. सुरिमी (धुतलेल्या माशाच्या मांसाचा लगदा) किंवा फिले (बिनकाट्याचे तुकडे) काढणारा कारखाना असेल तर दुसरा. रत्नागिरीत आणि तळोज्यात सुरिमीसाठी राणी मासा मोठ्या प्रमाणावर वापरतात आणि त्यात माशाचा निम्म्याहून जास्त भाग बाहेर पडतो. मी दोन्ही केले, पण एका वेळी एकच.

२. माल: सगळं काम इथेच होतं किंवा इथेच बिघडतं

नवीन माणूस एन्झाइम कुठला, यंत्र कुठलं, यावर महिना घालवतो आणि माल मात्र दुपारी बारा वाजता मिळेल तसा उचलतो. माझंही तेच झालं. पहिल्या काही महिन्यांचे जवळजवळ सगळे नमुने मला टाकून द्यावे लागले.

कोळंबीच्या डोक्यात तिची पचनग्रंथी असते आणि तिच्यातले एन्झाइम कोळंबी मेल्या क्षणापासून कामाला लागतात. डोकं तोडून पिंपात टाकलं, वर ऊन लागलं, की दोन-तीन तासांत रंग फिका पडतो आणि अमोनियाचा वास येतो. अशा मालातून कितीही चांगल्या पद्धतीने काढा, हाती काही लागत नाही. म्हणून:

सोलणाऱ्या बायकांशी आधी बोला. माल त्यांच्या हातातून येतो. मी शेडमध्ये दोन वेगळे क्रेट ठेवले, तळाला बर्फ, वर झाकण. डोकी तोडली की थेट त्यात टाकायची. त्यासाठी किलोमागे थोडे जास्त पैसे ठरवले आणि ते रोजच्या रोज दिले. माझ्या कामातली सगळ्यांत मोठी सुधारणा या दोन क्रेटनी केली, दुसऱ्या कशानेही इतका फरक पडला नाही.

बर्फ मालाच्या वजनाइतका धरा. लगेच काम होणार नसेल तर वजा २० अंशांवर गोठवा. आणि गोठवायचंच असेल तर अर्धा-एक किलोच्या चपट्या पिशव्यांत. मोठा गोळा आतून गोठायला रात्र घेतो आणि मधल्या वेळात आत सडणं चालूच राहतं.

एकाच जातीचा माल घ्या. कुटा, म्हणजे जाळ्यात आलेली बारीक-सारीक मिसळ मासळी, घेऊ नका. स्वस्त मिळतो, मोह होतो. पण कुट्यात केंड मासा असू शकतो आणि त्याचं विष शिजवूनही जात नाही. जाती मिसळल्या की प्रत्येक लॉटचा निकाल वेगळा येतो, तो वेगळा.

बांगडा, तारली, कुपा यांच्याबाबत आणखी एक. हे मासे बर्फाबाहेर राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते उकळून जात नाही, एन्झाइमने जात नाही, सरळ तुमच्या भुकटीत येऊन बसतं. सुरुवात राणी माशाने करा, ते सोपं आहे.

कल्ले काढून टाका आणि रक्त थंड पाण्याने धुवा. रक्तातलं लोह खवटपणाला हातभार लावतं. आतडी, काळीज, पित्त पहिल्या वर्षी हाताळूच नका. पित्ताची पिशवी फुटली तर सगळा लॉट कडू होतो, आणि माकूल-म्हाकुलाच्या काळजात कॅडमियमसारखे जड धातू साठलेले असू शकतात.

आता या भागातला सर्वांत फसवा सापळा. कोळंबीवर काळे डाग पडू नयेत म्हणून बऱ्याच ठिकाणी तिला सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात बुडवतात. एकदा कोळंबीच्या डोक्यांच्या पाण्यातल्या अर्काचा निकाल इतका सुंदर आला की मी दोन दिवस आनंदात होते. मग माझ्या जुन्या मार्गदर्शक बाईंनी एकच प्रश्न विचारला, "माल धुतलेला कशात होता?" सल्फाइट स्वतःच ऑक्सिडेशन रोखतं. मी कोळंबीचं काहीच मोजलं नव्हतं, रसायन मोजलं होतं. तेव्हापासून प्रत्येक लॉटला सल्फाइटची पट्टी लावते. ती पट्टी प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळते. शिवाय सल्फाइट काही दमेकऱ्यांना त्रास देतं, त्यामुळे पुढे ते उत्पादनात असणं हा कायद्याचाही प्रश्न होतो.

३. काय काय लागेल

दोन्ही रस्त्यांसाठी: डिजिटल काटा (०.०१ ग्रॅमपर्यंतचा), मांस दळायचा मिन्सर, तापमान धरून ठेवणारं वॉटर बाथ, सळईचा थर्मामीटर, स्टेनलेस स्टीलची पातेली, मलमलचं कापड, झाकणाच्या गडद काचेच्या बाटल्या, डीप फ्रीझर, सल्फाइटच्या पट्ट्या, नोंदवही.

तेलाच्या रस्त्यासाठी: रिफाइंड सूर्यफूल तेल.

प्रथिनांच्या रस्त्यासाठी: पीएच मीटर (आम्लता मोजणारं) आणि ते जुळवायची बफर द्रावणं, सोडियम हायड्रॉक्साइड, हायड्रोक्लोरिक आम्ल, अल्कलेज किंवा पपेन (ही प्रथिनं कापणारी एन्झाइम), सेंट्रिफ्यूज (वेगाने फिरवून थर वेगळे करणारं यंत्र; स्वतःचं नसलं तरी कुठे वापरायला मिळेल ते), वाळवण्याची सोय.

भांडी लोखंडाची, तांब्याची, पितळेची अजिबात नकोत. हे धातू ऑक्सिडेशन वाढवतात. पाण्याचंही तेच. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात अनेकदा लोह असतं, पाणी भरून ठेवलं की तळाला तांबूस गाळ बसतो. अशा पाण्यावर काम करू नका, शुद्ध केलेलं पाणी घ्या.

हातमोजे आणि चष्मा हवाच. पपेनची भुकटी वापरताना मास्कही. तिची धूळ श्वासात गेली तर ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की ती जन्माची सोबत करते.

४. पहिला रस्ता: कोळंबीचा रंग तेलात

पुस्तकात हेक्सेन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढायची पद्धत दिसेल. तिने रंग जास्त निघतो. पण हेक्सेन झटकन पेट घेतं, त्याच्या साठ्याला वेगळे नियम आहेत, आणि खाण्याच्या वस्तूत त्याचा अंश राहून चालत नाही. शेडमध्ये ते आणू नका. मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कोळंबीच्या टाकाऊ भागातून खाद्यतेलात रंग उतरवण्याची पद्धत बारकाईने बसवली आहे. मी तीच वापरते: मालाच्या दुप्पट तेल, ७० अंश सेल्सिअस, १५० मिनिटं.

कृती अशी. १ किलो डोकी धुऊन, चाळणीत निथळून, मिन्सरमधून काढा. पातेल्यात २ किलो तेल घ्या आणि पातेलं वॉटर बाथमध्ये ठेवा. तेल ७० अंशांवर आलं की दळलेला माल त्यात घाला. दर दहा मिनिटांनी लाकडी कलथ्याने तळापासून ढवळा. अडीच तासांनी उतरवा, मलमलमधून गाळा, चोथा घट्ट पिळा. गाळलेलं तेल उंच बरणीत रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. खाली पाणी आणि गाळ बसतो, वर केशरी तेल राहतं. ते हलक्या हाताने वेगळं करून गडद बाटलीत काठोकाठ भरा, हवेला जागा ठेवू नका.

गॅसवर थेट ठेवून घाई करू नका. कढईत तळल्यासारखं झालं की रंग विटकरी होतो आणि रंगद्रव्य तुटतं. खोलीत ऊन येत असेल तर पडदा ओढा, या रंगाला उजेडही सोसत नाही.

आता हिशेब. स्वप्न बघण्याआधी तो कराच. मैसूरच्या कामात तेलाने १ ग्रॅम टाकाऊ मालामागे सुमारे २६ मायक्रोग्रॅम रंगद्रव्य निघालं, म्हणजे १ किलोमागे २६ मिलिग्रॅम. ते २ किलो तेलात पसरलं, म्हणजे १ किलो तेलात १३ मिलिग्रॅम. शोभेच्या माशांच्या किंवा कोळंबीच्या खाद्यात रंगासाठी किलोमागे ५० मिलिग्रॅमच्या आसपास ॲस्टाझँथिन घालतात. एवढ्या पातळ तेलातून ते जुळणार नाही. म्हणून मी तेच तेल ताज्या मालावर तीनदा वापरते. तरीही ते फार तर किलोमागे ३९ मिलिग्रॅमपर्यंत जातं, म्हणजे एकट्या या तेलाने ५० गाठता येत नाही. चौथ्यांदा वापरायचा प्रयत्न केला तेव्हा तेलाचाच वास बदलू लागला होता.

शुद्ध ॲस्टाझँथिन म्हणून बाजारात जे लाखांच्या भावाने विकतात, ते हे नव्हे आणि या पद्धतीने ते होणारही नाही. हे रंगीत, थोडं जास्त टिकणारं तेल आहे. माशांच्या खाद्याच्या गोळ्यांवर फवारायला ते चालतं, पण रंगाची सगळी गरज त्याने भागत नाही. कुणी याच्या जोरावर तुम्हाला कॅप्सूलचा धंदा सुचवत असेल, तर वरचा हिशेब त्याच्यासमोर ठेवा.

५. दुसरा रस्ता: काट्यांवरच्या मांसातून पेप्टाइड

हा रस्ता जास्त मेहनतीचा आहे, पण माझा कल याच्याकडे आहे. कारण इथे हाती येणारी वस्तू वजनाने भरते आणि ती अन्न आणि खाद्य अशा दोन्ही ठिकाणी चालते.

क) १ किलो राणी माशाचे सांगाडे (कल्ले काढलेले) मिन्सरमधून दोनदा काढा. १ लिटर पाणी घाला.

ख) ८५ अंशांवर २० मिनिटं ठेवा. याने माशाचे स्वतःचे एन्झाइम थांबतात आणि चरबी सुटून वर येते. ती काढून घ्या. काही जण ही पायरी गाळतात आणि माशाच्या एन्झाइमचाही उपयोग करून घेतात. तसं करता येतं, पण मग लॉट-लॉटमध्ये फरक पडतो आणि नवख्याला चूक कुठे झाली ते कळत नाही.

ग) ५५ अंशांपर्यंत थंड करा. सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणाने पीएच ८ वर आणा. थेंब-थेंब घाला आणि ढवळत राहा. पपेन वापरणार असाल तर पीएच ६.५ ते ७ पुरतो.

घ) एन्झाइम घाला. मालाच्या वजनावर नव्हे, मालातल्या प्रथिनाच्या वजनावर मोजून. १ किलो सांगाड्यात साधारण १५० ग्रॅम प्रथिन धरलं, तर त्याचा १ टक्का म्हणजे दीड ग्रॅम. पहिल्यांदा मी किलोचा १ टक्का धरला आणि दहा ग्रॅम अल्कलेज एका लॉटमध्ये घातलं. महागडी बाटली दोन आठवड्यांत संपली.

च) ढवळत राहा, दर पंधरा मिनिटांनी पीएच बघा. प्रथिनं तुटतात तसा पीएच खाली सरकतो आणि तो पुन्हा ८ वर आणावा लागतो. पहिल्या अर्ध्या तासात मिश्रण डोळ्यांदेखत पातळ होतं. लापशीची कढी होताना दिसते. हे झालं नाही तर एन्झाइम मेलेलं आहे किंवा तापमान चुकलं आहे.

छ) ३०, ६०, ९०, १२० मिनिटांनी थोडा-थोडा नमुना काढून लगेच उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि जपून ठेवा. हे नमुने पुढे चाचणीत तुम्हाला सांगतील की कधी थांबायचं. जितकं जास्त कापू तितकं चांगलं, असं नसतं. फार कापलं की चव जहर कडू होते आणि काही वेळा गुणही उतरतो. माझ्या मालाला ६० ते ९० मिनिटं पुरतात. तुमचा आकडा तुम्हीच काढायचा.

ज) ठरलेल्या वेळी सगळं ९० ते ९५ अंशांवर १५ मिनिटं ठेवा, म्हणजे एन्झाइम थांबेल. मग मलमलमधून गाळून हाडं वेगळी करा आणि सेंट्रिफ्यूज करा. थर दिसतात: वर तेल, त्याखाली एक पांढरट थर, मग पारदर्शक पिवळसर पाणी, तळाला गाळ. आपल्याला ते पिवळसर पाणी हवं. वरचं तेल एक थेंबही त्यात येऊ देऊ नका. तीच चरबी भुकटीत खवट होते आणि केलेलं सगळं काम धुऊन नेते.

झ) शेवटी पीएच ७ वर आणताना लक्षात ठेवा की आम्ल आणि अल्कली मिळून मीठ तयार होतं. पीएच वारंवार वर-खाली केला तर भुकटी खारट होते, हवेतलं पाणी ओढते आणि डब्यात दगड होते.

६. वाळवणं आणि साठवणं

स्प्रे ड्रायर सगळ्यांत चांगला, आणि तो विकत घ्यायची गरज नाही. केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेचं मुख्यालय कोचीला आहे आणि संशोधन केंद्र नवी मुंबईत वाशीला. नव्या उद्योजकांसाठी संस्थेचं इन्क्युबेशन केंद्र आहे. अन्नतंत्रज्ञान शिकवणाऱ्या महाविद्यालयांतही ड्रायर असतो. पत्र लिहून, दर विचारून वेळ घ्या. फ्रीझ ड्रायर छोट्या नमुन्यांना चांगला, पण मोठ्या मालाला परवडत नाही.

ट्रे ड्रायरमध्ये वाळवलं तर अर्क तपकिरी होतो. त्यात एक छुपा धोका आहे: तपकिरी झाल्यावर तयार होणारे पदार्थ स्वतःच अँटिऑक्सिडंट चाचणीत चांगला आकडा देतात. आकडा वाढलेला दिसतो, पण चव आणि पचनीयता उतरलेली असते.

१ किलो सांगाड्यांतून माझ्या हाती ७० ते ९० ग्रॅम भुकटी येते. ती लगेच जाड ॲल्युमिनियमच्या थैलीत सील करते. थैलीवर मासा, जात, बंदर, तारीख, बर्फात ठेवल्याची वेळ, एन्झाइम, मिनिटं, सगळं लिहिते.

७. चाचणी: आकड्याने स्वतःला फसवू नका

सगळीकडे पहिली चाचणी डीपीपीएचची. जांभळं द्रावण असतं, अँटिऑक्सिडंटने ते फिकट पिवळं होतं, आणि किती फिकं झालं ते स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५१७ नॅनोमीटरला वाचायचं. १०० मिलिलिटर इथेनॉलमध्ये ३.९४ मिलिग्रॅम डीपीपीएच घेतलं की ०.१ मिलिमोलर द्रावण होतं. नमुना आणि द्रावण समान प्रमाणात मिसळून ३० मिनिटं अंधारात ठेवा, मग वाचा.

नवखे दोन नळ्या लावतात. तीन लावा:

– नियंत्रण: पाणी + डीपीपीएच
– नमुना: नमुना + डीपीपीएच
– नमुन्याचं कोरं: नमुना + फक्त इथेनॉल

तिसरी नळी का? पेप्टाइड पाण्यात विरघळतात, पण अल्कोहोलात काही भाग साका होऊन बसतो आणि द्रावण गढूळ होतं. केशरी तेलाला स्वतःचा रंग असतोच. (तेल इथेनॉलमध्ये नीट विरघळत नाही. त्याच्यासाठी इथाइल ॲसिटेट घ्यावं लागतं, आणि मग तिन्ही नळ्यांत तेच.) हा गढूळपणा आणि रंग वजा केला नाही तर निकाल खोटा. हिशेब असा: नमुन्याच्या आकड्यातून कोऱ्याचा आकडा वजा करा. ते उत्तर नियंत्रणातून वजा करा. त्याला नियंत्रणाने भागून १०० ने गुणा.

तेलाच्या बाबतीत चौथी नळीही हवी: त्याच बाटलीतलं साधं तेल, कोळंबी न घालता, अडीच तास ७० अंशांवर ठेवलेलं. सूर्यफूल तेलात मुळात ई जीवनसत्त्व असतं आणि काही ब्रँडमध्ये टीबीएचक्यू हा कृत्रिम अँटिऑक्सिडंट घातलेला असतो. लेबलवर ३१९ हा क्रमांक दिसला तर ते तेल घेऊ नका. साध्या तेलापेक्षा जेवढं जास्त आलं तेवढंच कोळंबीचं.

आणखी एक: फोलिन रसायनाने एकूण फिनॉल मोजायची पद्धत वनस्पतींच्या अर्कांसाठी सर्रास वापरतात. माशाच्या अर्कावर ती लावून "फिनॉल भरपूर" असं लिहू नका. ते रसायन प्रथिनातल्या टायरोसिन या घटकाशीही रंग देतं.

आणि डीपीपीएच कितीही चांगलं आलं तरी ती काचेच्या नळीतली गोष्ट. खरी परीक्षा माशात. माझी पद्धत साधी आहे. बांगड्याचा ताजा खिमा घ्यायचा. एका भागात काहीच नाही, दुसऱ्यात १ टक्का भुकटी, तिसऱ्यात बीएचटी. तिन्ही डबे फ्रीजमध्ये. दर दोन दिवसांनी पेरॉक्साइड मूल्य आणि टीबीए मूल्य (खवटपणा मोजणारे दोन आकडे) काढायचं आणि नाकाने वासही घ्यायचा. ज्या लॉटचा डीपीपीएचचा आकडा सर्वांत चांगला होता, तो खिम्यात दुसऱ्या क्रमांकावर आला, असं मी एकदा नव्हे, तीनदा पाहिलं आहे. ग्राहकाला दाखवायला हाच तक्ता घेऊन जा.

प्रत्येक चाचणी तीन वेळा, आणि किमान तीन वेगवेगळ्या दिवसांच्या मालावर. एका दिवसाच्या मालाचे तीन नमुने म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

८. कागदपत्रं

प्रयोगशाळेपुरतं काम असेल तर यातलं फार काही लागत नाही. विकायचं ठरलं की लागेल:

– आधार, पॅन, जागेचा सातबारा किंवा भाडेकरार
– उद्यम नोंदणी
– ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेचा ना हरकत दाखला
– महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रं, उभारणीचं एक आणि चालवण्याचं एक
– अन्न म्हणून विकणार असाल तर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना, त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवरून
– पाण्याचा आणि उत्पादनाचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल: जंतू, जड धातू, हिस्टामिन, सल्फाइट
– शेडकडून माल घेतल्याच्या पावत्या आणि तापमानाची नोंदवही

परवान्याचा अर्ज करण्याआधी आपली वस्तू कोणत्या वर्गात बसते ते लेखी विचारून घ्या. माणसाच्या खाण्यातला नवा घटक म्हणून विकायचा विचार असेल, तर २०१७ च्या नियमांनुसार आधी वेगळी मंजुरी लागू शकते आणि त्यात वेळ जातो. माशांचं खाद्य ही वाट नवख्याला सोपी आहे. मी तिथूनच सुरुवात केली. माझा पहिला अर्ज एका कार्यालयातून परत आला, कारण मी "नैसर्गिक अँटिऑक्सिडंट" एवढंच लिहिलं होतं. "राणी माशाच्या सांगाड्यापासूनचं प्रोटीन हायड्रोलायसेट, मत्स्यखाद्यासाठी" असं लिहिल्यावर तोच अर्ज पुढे सरकला.

लेबलवर "मासे" किंवा "कवचधारी जलचर" हा ॲलर्जीचा उल्लेख ठळक हवा. आणि "वय कमी करतं", "कर्करोग टाळतं" असलं काहीही लिहू नका. जाहिरात आणि दाव्यांचे २०१८ चे नियम कडक आहेत. नियम नसते तरी ते लिहिणं खोटंच ठरलं असतं.

अनुदानासाठी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेची चौकशी करा. तिच्यात साधारण लाभार्थ्यांना प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदतीची तरतूद केली होती. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये. त्या वर्षी खिडकी उघडी आहे का, हे जाऊनच विचारा. अनुदान काम झाल्यावर येतं, म्हणून आधीचे पैसे आपलेच लागतात, हे धरून चला.

९. उरलेल्याचं काय

काम झाल्यावरही चोथा उरतोच. तो परत पिंपात गेला तर आपण फक्त एक पायरी वाढवली. हाडं धुऊन, वाळवून, दळून कोंबडीखाद्यात कॅल्शियम म्हणून जातात. सेंट्रिफ्यूजच्या गाळात प्रथिन असतं. त्यात ३ टक्क्यांच्या आसपास फॉर्मिक आम्ल घालून पीएच ४ च्या खाली ठेवलं की ते सायलेज, म्हणजे आम्लात टिकवलेलं जनावरांचं खाद्य, म्हणून टिकतं. कोळंबीचा तेलकट चोथा कायटिनच्या (कवचातल्या कडक पदार्थाच्या) कारखान्याला देता येतो, पण त्यांना तेल नको असतं, आधी विचारून घ्या. धुण्याचं पाणी नाल्यात सोडू नका. त्यातली प्रथिनं दोन दिवसांत सगळ्या वाडीला वास देतात, आणि मग संमतीपत्र असूनही शेजारी तुम्हाला काम करू देणार नाहीत.

१०. जून-जुलैचं नियोजन

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. राणी मासा मिळत नाही. मत्स्यशेतीतल्या व्हन्नामेई कोळंबीची डोकी मिळतात, पण तिचा रंग खाद्यावर ठरतो, त्यामुळे समुद्रातल्या कोळंबीशी तुलना करू नका, नोंदी वेगळ्या ठेवा. ऑर्डर घेताना हे दोन महिने ग्राहकाला आधीच सांगा. मी या काळात पीएच मीटर दुरुस्तीला देते, उघडलेल्या अल्कलेजच्या बाटलीची ताकद दुधाच्या भुकटीवर तपासते, आणि मेमध्ये सील केलेल्या थैल्यांपैकी एक दर पंधरा दिवसांनी फोडून तिची पुन्हा चाचणी घेते. कोकणातल्या पावसाळी हवेत भुकटी किती दिवस टिकते, हे ग्राहक पहिल्याच भेटीत विचारतो. त्याचं उत्तर ऑगस्टपर्यंत वहीत तयार असतं.